बाराव्या फोटोतला पहारेकरी

चौगुले अण्णा माणसाशी बोलायच्या आधी त्याला चालायला लावत. नावगाव नंतर. येलहंक्याच्या जुन्या भागात त्यांचं घर, खाली गॅरेज, आणि गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या खांद्यावरची बॅग त्यांनी काढून घेतली नि म्हणाले, "स्वल्प त्या भिंतीपर्यंत जा, परत ये." मी गेलो, आलो. "परत एकदा. मी बघायलोय हे विसर." ते विसरायचं कसं, हे काही सांगितलं नाही. तिसऱ्या फेरीनंतर म्हणाले, "उजवा बूट आतनं झिजतोय तुझा. सरी, बस आता. नाव काय?"

मी बूट काढून उलटा केला. झिजला होता.

अण्णा निपाणीकडचे, बोलण्यात मधेमधे कानडी. तीस वर्षं एका दवाखान्याच्या वर्कशॉपमध्ये पायांचे कॅलिपर, पाठीचे पट्टे आणि जाड तळाचे बूट बनवण्यात गेली. रिटायर झाल्यावर माणूस कुंड्यांना पाणी घालतो नाहीतर सोसायटीत भांडणं काढतो. अण्णा अंतराळातल्या शिपायांची चिलखतं बनवायला लागले. झालं असं की शेजारचे एक बँकेतले साहेब परदेशातून मागवलेलं प्लास्टिकचं चिलखत घेऊन त्यांच्याकडे आले. मांडीला घासतंय म्हणाले. अण्णांनी दोन दिवसांत ते उसवून नव्यानं बसवून दिलं आणि साहेब जिना दणादणा चढून गेले. तिथून सुरुवात. काम तेच, फक्त गिऱ्हाइकं धडधाकट, असं अण्णा म्हणत.

आता आमचं मंडळ काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एक जुनी परदेशी अंतराळ-मालिका आहे. तिच्यात करड्या चिलखतातले पहारेकरी आहेत. त्यांना नाव नाही, संवाद नाहीत, चेहरा तर नाहीच, कारण हेल्मेट कधी निघत नाही. जगभरातली आमच्यासारखी खुळी माणसं त्यांचं चिलखत हुबेहूब बनवतात. हुबेहूब म्हणजे किती, तर गुडघ्याच्या वाटीवर सहा रेषा हव्यात आणि मांडीच्या दोन पत्र्यांमध्ये मागून बोटाएवढीच फट हवी. चिलखत अंगावर चढवून समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, हात वर करून फोटो काढायचे आणि मंडळाच्या परीक्षकांना पाठवायचे. ते भिंग लावून बघतात. पास झालात तर नंबर मिळतो, मग मंडळाबरोबर शाळांमध्ये, मुलांच्या दवाखान्यांत जायला मिळतं. नापास झालात तर काय चुकलं त्याची यादी येते. परीक्षकांना तुम्ही कधी भेटत नाही. ते फक्त फोटो बघतात.

मी नागपूरचा, महादेवपुऱ्यात एका कंपनीत टेस्टर. दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, यावर माझं पोट चालतं. आणि पोट चांगलं मोठं आहे. उंची पाच फूट तीन इंच. शाळेत एनसीसीला गेलो तर माझ्या मापाचा गणवेश नव्हता, परेडच्या दिवशी मला पाण्याच्या ड्रमजवळ उभं केलं. लग्नात शेरवानी मागून उसवून वर शाल घातली. दुकानात तर जन्मभर एकच वाक्य ऐकलं, "साहेब, यात तुमचा साइज नाही ना." म्हणून त्या पहारेकऱ्याचं मला वेड. मला एकदा तरी कुठल्यातरी गणवेशात, रांगेत, बाकीच्यांसारखं उभं राहायचं होतं. ऐकायला पोरकट वाटतं, मला माहीत आहे. पण होतं ते असं होतं.

हे मी अण्णांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. का कोण जाणे. ते टेप घेऊन माझ्याभोवती फिरत होते आणि मी बोलत होतो. उभं राहून मापं, बसून मापं, श्वास भरून, श्वास सोडून. मी सवयीनं पोट आत घेतलं, तर टेपचं टोक पोटावर टेकवून म्हणाले, "सोड. इथं कोण मुलगी दाखवायला आणली न्हाई." मी सोडलं. "आणि सोड." आणखी सोडलं. तेव्हा त्यांनी आकडा लिहिला. मग वहीतून मान वर न काढता म्हणाले, "माणसानं मापात बसायचं नसतंय. मापानं माणसावर बसायचं असतंय. दवाखान्यात पोरांना मी हेच सांगायचो."

तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी त्या वाक्यावर फिदा झालो, आणि दर रविवारी येलहंक्याला जायला लागलो. शहराचं हे टोक ते ते टोक. बायको म्हणायची, एवढ्या वेळात नागपूरला जाऊन येशील.

अण्णा मालिका बघत, पण बघत म्हणजे काय? चिलखतवाला पडद्यावर आला की थांबवत, मागे घेत, परत बघत. गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. एकदा त्यांनी मला विचारलं, "ह्यो कुणाच्या बाजूचा?"

"दुष्टांच्या, अण्णा."

"मग एवढा अवघडून का चालतोय?" आणि त्यांनी तो तुकडा मला दहा वेळा दाखवला. पहारेकरी दारातून येतो, चार पावलं टाकतो. अण्णा म्हणाले, "डाव्या मांडीचा पत्रा वर चढलाय त्याच्या. जांघेत टोचतोय. बिचाऱ्याला सांगायची सोय न्हाई." प्लास्टिकच्या तुकड्यांना ते पत्राच म्हणत, दवाखान्याची सवय. मी तो भाग लहानपणापासून पन्नासदा पाहिला असेन. ती त्या पहारेकऱ्याची ऐट आहे असं मी समजत होतो. मंडळातले कितीतरी लोक मुद्दाम तसं चालायचा सराव करतात.

मी विचारलं, "मग आपण पण तो पत्रा तसाच चढवायचा का? हुबेहूब पाहिजे ना."

"त्याचं दुखणं तुझ्या अंगावर कशाला शिवू?" म्हणाले, आणि माझ्या मांडीचा पत्रा हीट गननं गरम करून त्याची कड बाहेर वळवली. वळवता वळवता माझ्याकडे बघत नव्हते, पत्र्याकडेही नाही. बोटांनीच समजत होतं त्यांना. असा हात मी दुसरा पाहिला नाही, आणि आज इतकं होऊनही हे मी नाकारणार नाही.

गॅरेजच्या एका भिंतीवर अकरा फोटो होते. अण्णांनी बसवून दिलेली अकरा चिलखतं, अकराही पहिल्या फटक्यात पास. तसं कुणाचंच झालेलं नव्हतं, अगदी बाहेरच्या देशातल्या कारागिरांचंही. नवीन माणूस आला की अण्णा त्याला भिंतीसमोर उभं करत आणि म्हणत, "आपल्याकडनं गेलेलं परत येत न्हाई." आम्ही हसायचो. अक्का, म्हणजे त्यांच्या बायको, हसायच्या नाहीत. एकदा मला कॉफी देताना त्या हळूच म्हणाल्या, "दवाखान्यातलं सगळं परत यायचं की रे. पोरं वाढतात, पट्टे तोकडे पडतात, कातडी सोलते. आया घेऊन यायच्या, ह्यांच्या अंगावर ओरडायच्या. तीस वर्षं ह्ये तेच उसवत बसले." तेव्हा मला अण्णांचं फार वाईट वाटलं होतं. ते वाटणंच नंतर महागात पडलं, कारण ज्याचं वाईट वाटतं त्याच्यावर आपण संशय घेत नाही.

माझं चिलखत व्हायला सात महिने लागले. फोटोचा रविवार ठरला. मी पोचलो तेव्हा अण्णांनी सगळे पत्रे गच्चीवर चटईवर ओळीनं मांडून ठेवले होते. अक्का म्हणाल्या, "काल दिवसभर ह्येच चाललंय." मला वाटलं, माझ्यासाठी किती मेहनत.

हे चिलखत एकट्यानं घालता येत नाही. प्रत्येक पत्रा वेगळा, आतून इलॅस्टिकच्या पट्ट्यांवर लटकवलेला. पट्टीला टिचबटणं, तीन-चार भोकांवर. पट्टी आखूड केली की पत्रा वर जातो, सैल केली की खाली उतरतो. अण्णांनी मला पायापासून बांधत वर आणलं आणि शेवटी हेल्मेट. मग समोर उभे राहून बराच वेळ बघत राहिले. हेल्मेटच्या फटीतून मला त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. मी घामानं थबथबलेलो आणि सुखात होतो. डोक्यावरून हवाई दलाचं एक विमान गेलं, अक्का पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या. अण्णांनी त्यांच्या कॅमेऱ्यानं फोटो काढले. तेच फोटो अक्कांनी माझ्या मोबाइलवरही काढले, आईला पाठवायला म्हणून मीच सांगितलं होतं. अर्ध्या फोटोंत त्यांचं बोट आलं होतं, म्हणून मी ते कुणालाच पाठवले नाहीत.

चिलखत त्यांच्याकडेच ठेवून मी घरी आलो, फोटो अण्णांनीच पाठवले, आणि दहा दिवसांत पासचा मेल आला. अण्णांनी त्या फोटोंतला एक मोठा करून भिंतीवर लावला, बारावा, आणि एक मला फ्रेम करून दिला. तो मी हॉलमध्ये टीव्हीच्या वर टांगला. त्याचाच फोटो काढून आईला पाठवला. आईचा फोन आला, "बारीक झालास का रे? जेवतोस ना नीट?" मी म्हटलं, आई, चिलखतात माणूस उंच दिसतो. ऑफिसात म्हैसूरपाक वाटला. हसू नका, पण दोन वर्षं मी रोज सकाळी सॉक्स घालताना त्या फोटोकडे बघत होतो.

दोन वर्षांनी मी दुसरं चिलखत करायला घेतलं, त्याच पहारेकऱ्यांच्या नायकाचं. बनवलं अण्णांनीच, पण फोटोच्या वेळी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून फोटो मी इकडेच एका मित्राकडून काढून घेतले आणि पाठवले. परीक्षकांचं उत्तर आलं, अगदी सभ्य भाषेत. काम उत्तम आहे. पण तुमच्या आधीच्या मंजूर फोटोंशी ताडून पाहता शरीराची ठेवण वेगळी दिसते. दोन्हींत व्यक्ती एकच आहे ना, एवढं कळवावं. खाली जुने फोटो जोडले होते.

मी हसतच उघडले. म्हटलं, वजन वाढलंय, दुसरं काय. मग मला अण्णांच्या गच्चीवरची सिमेंटची टाकी दिसली. त्या टाकीला टेकून मी शंभरदा कॉफी प्यायलोय. तिचं झाकण माझ्या कानाला लागतं. फोटोतल्या पहारेकऱ्याच्या ते खांद्याला लागत होतं.

मोबाइलवरचे अक्कांचे फोटो शोधून काढले. तीच टाकी, झाकण कानाशी. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि बघत बसलो. एक जण टाकीसमोर उंच, सडसडीत, डावा पाय किंचित बाहेर टाकून उभा. तसं उभं राहणाऱ्या माणसाला मी दर रविवारी भेटत होतो. दुसरा मी. टेस्टर म्हणवतो स्वतःला, आणि दोन वर्षं हॉलमध्ये टांगलेला माणूस मी नाही हे मला कळलं नव्हतं. बायकोला दाखवलं. तिनं उठून फ्रेम उतरवली आणि कपाटामागे ठेवली.

दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकून येलहंक्याला गेलो. अण्णा काळा चष्मा लावून गॅरेजच्या दारात बसले होते. मी मोबाइल पुढे केला. "अण्णा, हा मी नाही."

त्यांनी बघितलंही नाही. "व्हय," म्हणाले. "मी हाय."

"काहून पण? माझं चिलखत होतं ते. मी घातलं होतं. तुम्हीच बांधलं होतं."

"रविवारी तू गेल्यावर तुझे फोटो बघितले. लई वेळ बघितले. मन घेईना रे. परत आलं असतं ते. नियमात उंचीचं काय न्हाई, पण बघणाऱ्याच्या डोळ्यात असतंयच की. तू किती आशेनं आलतास, मला ठाऊक होतं. यादी आली असती तर तुझं तोंड मला बघवलं नसतं. म्हणून मग मी घातलं. पट्ट्या सैल केल्या, अक्काला फोटो काढायला लावलं. तुझ्यासाठीच केलं की."

"माझ्यासाठी, की तुमच्या भिंतीसाठी?"

 मी खूप बोललो. मापानं माणसावर बसायचं असतंय म्हणणारे तुम्ही, आणि मापासाठी माणूसच बदललंत, असं बरंच काही. ते मान खाली घालून ऐकत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते ऑपरेशनचं की कशाचं, हे त्या चष्म्याआड दिसेना. बसमध्ये मला वाटलं, म्हातारा आहे, चुकला. नापास झालो तर आपलं मन मोडेल, हे त्याला आपल्याआधी दिसलं. इतकं उदार व्हायला मला वाटेतले तीन सिग्नल पुरले.

घरी येऊन मी परीक्षकांना खरं ते लिहिलं. अण्णांचं नाव घातलं नाही. आधीचे फोटो माझे नव्हते, चूक झाली, माझे त्याच दिवसाचे फोटो सोबत जोडले आहेत, हवा तर नंबर काढून घ्या. अक्कांच्या बोटासकट सगळे फोटो पाठवले. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं.

आठवड्यानं उत्तर आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार. हे फोटो आधी आले असते तरी आम्ही चिलखत मंजूरच केलं असतं, तुमच्या अंगावर ते फार चांगलं बसलं आहे. फक्त उजव्या खांद्याची पट्टी बोटभर सैल आहे, ती आखूड करून एक नवा फोटो पाठवा. नंबर तोच राहील.

मी ते वाक्य कितीदा वाचलं असेल. तुमच्या अंगावर ते फार चांगलं बसलं आहे. खोटं कशाला सांगू, रडलो. आणि पहिला विचार आला तो अण्णांचाच. त्यांना सांगायला हवं. तुमची भीती उगाच होती अण्णा, तुमचं काम माझ्यासारख्याच्या अंगावरही पास आहे, भिंतीवर आता खराच बारावा लावा. राग पार विरघळला होता. उजव्या खांद्याचा पत्रा पिशवीत घातला आणि रविवारी सकाळी येलहंका गाठलं.

अण्णांचा काळा चष्मा गेला होता, डोळे बरे झाले होते. मी मेलचा मराठीत अर्थ सांगितला, अगदी सावकाश. ते ऐकत होते. शेवटच्या वाक्यापाशी त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"सैल? माझी पट्टी सैल?"

"असं ते म्हणतात."

"दे बघू." पत्रा मांडीवर उलटा घेतला, आतली पट्टी बोटांनी चाचपली, टिचबटण कुठल्या भोकावर आहे ते पाहिलं. आणि सुटकेचा श्वास सोडून स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "हां, ही राहिली व्हय. शनिवारी मला घातलं तेव्हा सैल केलेली. बाकी सगळ्या परत तुझ्या मापाला आणल्या, ही एक राहून गेली बघ."

मी म्हटलं, "अण्णा, माझे फोटो रविवारी काढले."

त्यांचं बोट बटणावर थांबलं.

"मी घालायच्या आधीच तुम्ही घातलं होतं," मी म्हणालो. "मला चिलखतात पाहिलंही नव्हतं तुम्ही."

म्हणजे गच्चीवरचा तो सगळा रविवार, बांधणं, उभं करणं, कॅमेरा, सगळं मला खूश करायला केलेलं होतं. खरे फोटो आदल्या दिवशीच काढून झाले होते. आतापर्यंत मी समजत होतो की त्यांनी मला पाहिलं आणि मी कमी पडलो. त्यांनी पाहायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती. मापं वहीत लिहून झाली होती, तेवढ्यावर ठरलं होतं. एनसीसीतल्या हवालदारानं निदान मला समोर उभं करून मग ड्रमजवळ पाठवलं होतं.

अक्का दोन हातांत दोन कॉफ्या घेऊन आतून आल्या. माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि दोन्ही पेले घेऊन तशाच आत गेल्या.

अण्णांनी टिचबटण काढलं, एक भोक सोडून पुढच्यावर दाबलं. पट्टी दोनदा ओढून पाहिली. मग पत्रा माझ्यापुढे धरला, पण नजर माझ्या खांद्यावर होती, तोंडावर नाही. "आता बसंल," म्हणाले. "घालून बघ."

मी घेतला आणि न घालता पिशवीत टाकला. गेटपाशी मागे वळलो तेव्हा ते स्टुलावर तसेच बसले होते, हात अजून पत्रा धरल्यासारखे पुढे, रिकामे. नवा फोटो मी घरीच काढला. खांदा बरोबर बसला होता. मी तो फोटो अण्णांना पाठवला नाही.